अंगणातला खांब

"श्वास ऐकू आला," डोळे न उघडताच कुवाबारा म्हणाले. "ओळ सुरू करायच्या आधी गायिका श्वास घेते ना, तो. इतकी वर्षं कुठे दडून बसला होता हा?"

मिनेगिशींच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड ऐकत बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दातांचे डॉक्टर तोकोरो तर म्हणाले, "मला तर समोरचा पडदाच सरकल्यासारखा वाटला!" यजमान मिनेगिशींचे तर डोळे भरून आले होते. खिडकीबाहेर अंगणात सिमेंटचा नवाकोरा विजेचा खांब उभा होता. तो त्यांच्या एकट्याचा होता, फक्त गाणं ऐकण्यासाठी उभारलेला.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फ्रीज आणि भाताचे कुकर ज्या तारेवर चालतात, तीच वीज गाण्याला दिली की आवाज गढूळ होतो, असं कुवाबारांचं ठाम मत. जपानातल्या ईदा गावच्या या रविवारी गाणं ऐकणाऱ्या मंडळात त्यांच्या कानापुढे कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून मिनेगिशींनी आधी मनगटाएवढी जाड वायर आणली, मग सोन्याचा मुलामा दिलेला प्लग. या हिवाळ्याच्या तोंडावर कुवाबारांनी शेवटचा उपाय सांगितला होता, "आता स्वतःचा खांब. त्याशिवाय गत्यंतर नाही."

खांबाला जागा एकच होती आणि तिथे पर्सिमॉनचं, केशरी गोड फळांचं झाड होतं. मिनेगिशींची बायको किनुए लग्न होऊन या घरात आल्या, त्या वर्षी किनुएंच्या वडिलांनी लावलेलं. ते पाडलं.

किनुए चहा घेऊन आल्या. सोबत बशीत वाळवलेले पर्सिमॉन होते.

"घ्या ना. शेवटचे आहेत."

कुवाबारांनी एक तोंडात टाकला. "वा! किनुएसान, तुमच्या हातच्या या पर्सिमॉनची मी वर्षभर वाट बघतो बघा," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. किनुए नुसत्या हसल्या आणि कप भरू लागल्या.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. हेल्मेट काखोटीला मारून इलेक्ट्रिशियन उंबऱ्यातूनच ओरडला, "उशीर झाला, माफ करा हं! दहा मिनिटं वीज बंद करतोय. जोडणी राहिलीय ना नव्या खांबाची."

"राहिलीय म्हणजे?" मिनेगिशी उठून उभे राहिले.

"म्हणजे खांब तयार आहे, पण घर अजून जुन्याच तारेवर चाललंय. तासाभरापूर्वी घरच्या बाईंना फोन केला होता की मी."

सगळे किनुएंकडे बघू लागले.

"हो, आला होता फोन," त्या म्हणाल्या. "सांगायला आले, तर तुम्ही सगळे डोळे मिटून बसलेले. मध्येच कसं बोलायचं?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. कुवाबारांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आज हवा कोरडी आहे ना," तोकोरो घाईघाईनं म्हणाले. "कोरड्या हवेत आवाज खुलतोच."

"तर काय! शिवाय रविवार. कारखाने बंद असतात," दुसऱ्या कुणीतरी री ओढली.

मित्र आपल्याला सांभाळून घेताहेत, हे कुवाबारांना मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. वीज गेली, हीटर बंद पडला, खोली गारठली. उठून जाणं तर शक्य नव्हतं. पर्सिमॉनची बी तोंडात तशीच होती. ती कुठे टाकावी ते न कळून त्यांनी ती गालात धरून ठेवली.

दहा मिनिटांनी वीज आली. मिनेगिशींनी तीच रेकॉर्ड लावली, सुई त्याच गाण्यावर ठेवली.

"कुवाबारासान, आता सांगा," ते म्हणाले. त्यांना कुणाची परीक्षा घ्यायची नव्हती. खांब फुकट गेलेला नाही, एवढंच त्यांना कुवाबारांच्या तोंडून ऐकायचं होतं.

या खेपेला कुवाबारांनी डोळे उघडे ठेवले. गायिकेनं श्वास घेतला. मघाशी घेतला होता तसाच, पहिल्यापासून घेत आली होती तसाच. फरक आहे म्हणावं, तर ते दुसऱ्यांदा खोटं ठरणार. नाही म्हणावं, तर ते झाड? गाणं संपलं, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

"फरक पडलाय," किनुए म्हणाल्या.

त्या दाराशी बसल्या होत्या. इतक्या वर्षांत गाणं ऐकायला त्या आज पहिल्यांदाच बसल्या असाव्यात.

"गाणं मध्ये हळू होतं ना, तिथे बाहेर बुलबुल ओरडायचे. शेंड्यावरची चार फळं मी त्यांच्यासाठीच ठेवायचे. कुवाबारासान, तुम्ही केवढे चिडायचात त्यांच्यावर!" त्या खांबाकडे बघत राहिल्या. "आता एकदम स्वच्छ ऐकू येतं."

मिनेगिशींनी मान फिरवली. कुवाबारांनी गुडघे जुळवले, दोन्ही हात चटईवर टेकले आणि वाकून बोलायला गेले, "किनुएसान, मला खरं म्हणजे..." पण गालातल्या बीमुळे शब्द नीट फुटेना.

किनुएंनी रिकामी बशी त्यांच्या पुढ्यात धरली.

"आधी बी टाका. मघापासून धरून बसलाहात."

बी बशीत पडली. टक्. तो आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला.