काकाकुवाची चोच

मर्लबाईंच्या लोकर-दलालीच्या छोट्याशा कचेरीत क्लाइव्हनं वायफाय बसवून जेमतेम महिना झाला होता, आणि आज तो तिसऱ्यांदा दीडशे किलोमीटर गाडी हाकत आला होता.

"मेल्या काकाकुवांनी वायर तोडली बघ परत," बाई म्हणाल्या. चहाचे दोन कप आधीच मांडलेले होते आणि केक नुकताच ओव्हनमधून निघाला होता. बाकीच्या दोन्ही टेबलांवर धूळ होती. तिथली माणसं केव्हाच ॲडलेडला निघून गेली होती.

क्लाइव्ह शिडी लावून छपरापाशी चढला. काकाकुवा वायरीचा पार चोथा करतो. ही मात्र कात्रीनं कापावी तशी सरळ तुटली होती. खाली बाई गुडघा चोळत उभ्या होत्या.

"शिडीवरून पडलात की काय?"

"छे रे. मी कशाला चढतेय या वयात?"

लोखंडी नळीतून वायर नेली असती, तर काम कायमचं झालं असतं. नळी गाडीत होतीही.



त्यानं नवी वायर छपरावरून न नेता खिडकीशेजारून नेली, बाईंच्या हाताला सहज येईल अशी.