ओव्हनमधली ओल

दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, तुम्ही चौकशी न करताच माणसाच्या पोटावर पाय द्यायला निघालात. लीलाबाईंची तक्रार आली आणि तुम्ही राजरत्नला बजावलंत की, ओव्हन पुन्हा बिघडला तर उद्यापासून दुकानात यायचं नाही.

लीलाबाईंच्या जावयानं मस्कतहून आणलेला तो ओव्हन सगळ्या परभणीत नवलाचा. पॅनलवर नुसतं बोट टेकवलं की चालू. पण राजरत्ननं दुरुस्त केला की दुसऱ्याच दिवशी बंद. आज तिसऱ्यांदा त्यानं पॅनल उघडलं आणि आतली ओल बोटावर घेऊन दाखवली.

"काकू, मी तर कोरडं करून बसवलं होतं. शेठ म्हणायलाय, तुझ्या हातालाच गुण न्हाई. बायकोला काय सांगू आता?"

"व्होल्टेज असेल," लीलाबाई पुटपुटल्या. त्यांना त्याच्याकडे बघवेना.



त्याचं आडनाव कळल्यापासून, तो गेला की 'बाटलेल्या' ओव्हनवर त्या दर वेळी गोमूत्र शिंपडत होत्या, आणि तो त्यांनाच विचारत होता, "व्होल्टेजनं ओल येत नसती काकू, हे पाणी आत जायलाय कुठून, तेवढं सांगा."