गादीवरून विचारलेला प्रश्न

या मंडळी, जरा जवळ सरका. एका हट्टी लेकीचं आख्यान ऐकवायचं आहे.

वडील कीर्तनकार, सुलभा पेटीच्या साथीला. नाट्यशाळेच्या अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि बुवांचं तीन आठवडे एकच पालुपद, "तोंडाला रंग फासून खोटं रडायचं? आपल्या घरात नाही."

दत्तजयंतीला पूर्वरंग संपता संपता बुवांचा आवाज बसला. मंडप तर भरलेला. सुलभा पेटीवरून उठली, बुवांच्या हातातल्या चिपळ्या घेऊन गादीवर उभी राहिली आणि हरिश्चंद्राचं आख्यान लावलं. तारामती होऊन ती मुलाच्या प्रेताशी रडली, तेव्हा बुवा उपरण्यात तोंड खुपसून स्फुंदत होते.

आरती झाली. नारदाच्या गादीवर जो उभा, तो वयाने कितीही लहान असो, सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं ही रीत. शेवटी बुवाही लेकीपुढे वाकले. तिने पाय मागे घेतले नाहीत.

"बाबा, आत्ता रडलात ते खोटं होतं?"

"खाली उतर. घरी बोलू," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"खाली उतरले की मी तुमची मुलगी. मग तुम्ही गप्प बस म्हणाल. म्हणून इथूनच विचारते." तिने कमरेला खोचलेला अर्ज पुढे धरला.

बुवांनी गुरवाकडून पेन मागितलं आणि पेटीवर कागद ठेवून सही केली. "पण रडशील तर असंच रड."

मंडळी, कधी नाटक पाहताना डोळे भरून आले, तर त्या वाकलेल्या बापाची आठवण ठेवा.