घरोघरच्या इंदुताई

इंदुताई खराडे चार वेळा विधानसभेला पडल्या, पण मुद्दा सोडला नाही: रंगाच्या कारखान्याने नासवलेलं गावाचं पाणी. पाचव्या खेपेला पक्षाने त्यांचा चेहरा आणि आवाज यंत्राला दिला. ते घरोघरच्या मोबाइलवर ताई होऊन बोललं, आणि ताई निवडून आल्या.

गुलालाने माखलेल्या ताईंना शेवंता दारात ओवाळत होती. तिचा धाकटा त्या पाण्यानेच गेला होता.

"आता कारखाना बंद करतेच बघ," ताई म्हणाल्या.

शेवंताचा हात थांबला. "असं काय करता, ताई? चालू ठेवीन म्हणून मोबाइलवर तुम्हीच शब्द दिलात. थोरला तिथंच कामाला आहे. म्हणून तर मत दिलं."

पुढच्या दारात दुसरी बाई ताट घेऊन हसत उभी होती. तिला आपण कसला शब्द दिलाय, हे ताईंना ठाऊक नव्हतं.