हौदापासून दोन हात

बंड्या कुत्रा दवाखान्यातल्या टेबलावर आडवा होता. पुढच्या पायात सलाईन, हिरड्या पांढऱ्या. सरुबाईने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. डॉक्टर उत्कर्षाने रक्ताचा रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला.

"गोचीडताप आहे, मावशी. जुना. त्यात किडन्या गेल्या."

"गोचिडी तर मी एकूण एक वेचल्या. म्हशींच्या वेचताना ह्याच्याबी. राकेलात टाकून मारल्या."

"चावायच्या त्या आधीच चावल्या होत्या. पाणी किती प्यायचा?"

उत्तर सरुबाईच्या नवऱ्याने, संभाजीने दिलं. "लई. हौदाला तोंड लावूनच बसायचा. अन् मुतायचाबी तसाच, समद्या वैरणीवर. म्हशी तोंड लावंनात."

"किडनी बिघडली की असंच होतं. लघवी धरता येत नाही, जेवढी जाते तेवढं प्यावं लागतं. पाण्यावरच तगतं जनावर. पाणी कमी पडू दिलं नाहीत ना?"

संभाजीने बायकोकडे पाहिलं. ती बंड्याचा कान चोळत राहिली.

"साखळी आखूड केली मी," ती म्हणाली. "हौदापत्तूर जाऊ नये म्हनून. सकाळ-संध्याकाळ वाटीभर द्यायची."

"किती दिवस?"

"झालं की वीसेक."

 डॉक्टरने सलाईनचं चाक जरा सैल केलं.

"मॅडम, माझ्या दिरांचं रक्त हितंच बारामतीत धुत्यात, आठवड्यातनं दोनदा. तसं ह्याचं धुवा. मी बसते की हितं."

"कुत्र्याचं इथं नाही होत, मावशी."

"मग कुठं व्हतं?"

"घरी न्या. मागेल तेवढं पाणी द्या."

पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीत धरून सरुबाईने त्याला भवानीनगरला घरी आणलं. गोठ्यापुढे खुंटीजवळ खाली ठेवलं. साखळी उपटून उकिरड्यावर फेकली. मग हौदाशी जाऊन काठावर थाप मारली.

"ये, बंड्या. पी."

बंड्या उठला. लटपटत निघाला. खुंटीभोवती त्याच्याच पायांनी जमिनीवर आखूड साखळीएवढं गोल रिंगण पडलं होतं. रिंगणाच्या कडेला येऊन तो थांबला.

"ये की रं. सोडलंय तुला."

हौद दोन हातांवर होता, काठोकाठ भरलेला. बंड्या कडेवरच बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.