सातवा खेळाडू

कुराता-सानांनी शिक्का मारला आणि मोरेश्वरचं हसू तोंडातच अडकलं.

शिक्का सातव्या कागदावर होता. चाचणीला पोरं आली होती सहा.

क्योतोतल्या त्या गारठलेल्या जिममध्ये सकाळपासून सहा जण उड्या मारत होते. सगळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे. बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीची बास्केटबॉल टीम होती, तिला पुढच्या सीझनसाठी नवे खेळाडू निवडायचे होते. कुराता-सान त्या टीमसाठी एकतीस वर्षं खेळाडू हेरत होते. त्यांचा शिक्का ज्याच्या कागदावर, त्याला कंपनीचं पत्र. आणि पत्र आलं की पोरगा बाकीच्या सगळ्या नोकऱ्यांना वाकून नाही म्हणतो. मग मागे फिरायची सोय नाही. तिथली रीतच तशी.

मोरेश्वर तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. उडी मारताना गुडघ्यावर किती जोर पडतो, हा विषय. आपलं मशीन घेऊन तो रविवारी मदतीला यायचा. उंची, वजन, उडी, हातांचा पसारा, सगळं मोजून कागदावर उतरवायचा. पण माणूस मुळातच वांड. गेल्याच महिन्यात त्याने प्रोफेसरांच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ‘जळणारा कचरा’ असं स्टिकर चिकटवलं होतं.

कुराता-सान दोन महिने हसले नव्हते. हे मोरेश्वरला काही बघवेना. दुपारी डबा खाता खाता त्याने एक जादा कागद भरला. नाव हेमचंद्र. उंची दोन मीटर अकरा. वजन जेवणाआधी पंचाण्णव, जेवणानंतर एकशे चार. उडी: ‘डोकं छताला लागलं, पुढे मोजता आली नाही.’ कागद गठ्ठ्यात घातला. म्हातारा वाचेल, हसेल, विषय संपला.

म्हातारा हसला नाही. त्याने चष्मा पुसला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ठप्प.

मग बाकीचे सहा कागद पालथे ठेवले.

“पोरांना सांगून येतो,” म्हणाले आणि ऑफिसातून बाहेर जिममध्ये गेले.

त्या सहांत निशिनो होता. सगळ्यांत सरस, मशीनच सांगत होतं. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो मोरेश्वरला म्हणाला होता, “सेन्सेइ, फुकुईच्या एका शाळेने पीटी मास्तर म्हणून घेतलंय. उद्यापर्यंत कळवायचंय. आई म्हणते, शाळा धर. पण इथे झालं तर मी त्यांना नाही म्हणणार. मला खेळायचंय.”

आणि मोरेश्वर म्हणाला होता, “अरे, तुझं झालंच समज.”

दाराच्या काचेतून त्याला दिसलं. कुराता-सान कमरेतून वाकले. सहाही पोरं वाकली. पाच जणांनी सरळ होऊन बॅगा उचलल्या. निशिनो वाकलेलाच राहिला. त्याच्या नाकावरून जमिनीवर थेंब पडत होते. उड्या मारून दोन तास झाले होते. घाम नव्हता तो.

“आयला, काय करून बसलो मी,” मोरेश्वर स्वतःशीच पुटपुटला.

कुराता-सान आत आले तसा तो ताठ उभा राहिला.

“माफ करा, कुराता-सान. हेमचंद्र नावाचा कोणी नाहीच. तो मी लिहिला, तुमची गंमत करायला. मला काय ती शिक्षा द्या. पण निशिनोला परत बोलवा, अजून बस स्टॉपवर असेल.”

कुराता-सानांनी कागदाची नीट घडी घातली.

“मोरे-सान,” ते म्हणाले. पूर्ण नाव त्यांच्या जिभेला कधी झेपलं नव्हतं. “दोन मीटर अकराचा माणूस या गावात सायकलवरून फिरला असता, तर त्याच संध्याकाळी मला फोन आला असता. एवढंही कळत नसेल, तर एकतीस वर्षं केलं काय मी?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग शिक्का कसा मारलात?”

ते खिडकीपाशी गेले. खाली स्टॉपवर निशिनो मान खाली घालून उभा होता. बस आली. तो चढला. बस वळणापलीकडे गेली, तेव्हा कुठे म्हातारा बोलला.

“मार्चमध्ये टीम बंद होतेय. फेब्रुवारीत जाहीर करणार. मला सप्टेंबरातच सांगितलं, आणि तोंड उघडायचं नाही हेही सांगितलं. टीमसाठी घेतलेल्यांना टीमबरोबरच नारळ. मलाही.”

मोरेश्वरने जिमकडे बघितलं, तिथे कोणीतरी बॉल गोळा करत होतं.

“मग चाचणी घेतलीच कशाला?”

“घ्यावी लागते. यादी दरवर्षीसारखी वर गेली पाहिजे. नाही गेली तर बाहेर कुणकुण लागेल. रिकामा कागद मी पाठवू शकत नाही. आणि खरं नाव लिहिलं, तर ते पोरगं उद्या सकाळी शाळेला ‘नाही’ म्हणून कळवतं.”

“पण हेमचंद्र... वरच्या कोणी विचारलं तर?”

“वरचे वाचत नाहीत, शिक्का बघतात. पत्र जाईल. पत्ता सापडायचा नाही, परत येईल. पुन्हा पाठवतील. तोवर फेब्रुवारी उजाडतो.”

त्यांनी घडी पाकिटात सरकवली. पाकीट मात्र बंद केलं नाही. खणातून एक कोरा कागद काढला, मोरेश्वरपुढे ठेवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

“दोन नावं द्यायची असतात. याला एखादा भाऊ आहे का?”