अख्खा कोहळा

हार्वेस्टरच्या पोटात जो शिरेल, किल्ली त्याच्याच खिशात, हा गिरिधरचा नेम. पण आज आयुधपूजा होती. ड्रममधला अडकलेला पेंढा काढायला निघालेल्या धाकट्या प्रणेशनं किल्लीसाठी हात पुढे केला, तशी जयलक्ष्मी म्हणाली, "भावजी, आज किल्ली देवापुढेच राहू द्या. देवापेक्षा तुमचा खिसा थोर का?"

"बरं वहिनी. मग माझी राखण देवाकडं," म्हणत तो हसत आत शिरला.

आरती झाली. जयलक्ष्मीनं झेंडूसकट किल्ली नवऱ्याच्या ओंजळीत घातली. "राहुकाळ लागतोय, लवकर फिरवा!" म्हणाली आणि दृष्ट काढून फोडायचा, कुंकू भरलेला कोहळा आणायला घरात पळाली.

गिरिधरनं हाक मारली, "प्रणेशा, झालं का रे?" कुंभकोणमच्या साऱ्या देवळांतून घंटा घणघणत होत्या. उत्तर ऐकू आलं नाही. गेला असेल आंघोळीला, म्हणून त्यानं किल्ली फिरवली, ड्रम चालू केला, यंत्र जरा पुढे घेतलं. पूजेत चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडली.

यंत्राखालून लाल ओघळ आला.

"अगे, कोहळा आधीच फोडलास होय?" तो वैतागून ओरडला.

जयलक्ष्मी उंबऱ्यात आली. तिच्या दोन्ही हातांत कोहळा अख्खा होता.